कानांनी शिकलेली फारसी

भाषा शिकण्याचे दोन मार्ग आहेत. एक डोळ्यांचा, दुसरा कानांचा. शाळेत आपण पहिल्या मार्गाने जातो. आईच्या मांडीवर मात्र प्रत्येक जण दुसऱ्याच मार्गाने चाललेला असतो. माझ्या पिढीतील वेदीसेवकांना कानांच्या मार्गाचा आणखी एक अनुभव आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले आणि लोकभाषांना वेदीपर्यंतची वाट मोकळी झाली. तोवर मिस्सा लॅटिनमधून होत असे. धर्मगुरूंच्या शब्दांना द्यावयाची लॅटिन उत्तरे आम्ही मुलांनी मोठ्या वेदीसेवकांच्या तोंडून ऐकून पाठ केली होती. अर्थ ठाऊक नसे. पण स्वर, विराम आणि लय पक्की बसलेली असे. भाषा ही आधी नाद आहे आणि मग अक्षर, हे मी पुढे अनेक वर्षे मराठी शिकवताना वर्गात सांगत आलो. त्याचा पहिला धडा त्या वेदीच्या पायऱ्यांवरचा.

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी पुन्हा त्या वाटेला लागलो. या वेळी भाषा होती फारसी आणि निमित्त होते इराणच्या प्रवासाचे. तो प्रवास आम्ही उभयतांनी २०१८ च्या ऑक्टोबर महिन्यात केला.

फारसीच का आणि इराणच का, हा प्रश्न घरच्यांनी अनेकदा विचारला. “अहो, लोक तिथून बाहेर पडायला बघतात आणि तुम्ही तिकडे कशाला निघालात?” असे माझे थोरले मेव्हणे म्हणाले. त्यांना द्यायला माझ्यापाशी एक उत्तर होते, पण ते जरा लांबचे होते. आपल्या वाचकांना फादर थॉमस स्टीफन्स आणि त्यांचे १६१६ साली रायतूर येथे छापले गेलेले ख्रिस्तपुराण यांविषयी वेगळे सांगायला नको. मात्र त्याच काळी, त्याच येशूसंघातील आणि जवळजवळ त्याच वयाच्या दुसऱ्या एका धर्मगुरूंनी दुसऱ्या एका भाषेत तेच कार्य केले होते, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. संत फ्रान्सिस झेवियर यांचे नात्याने नातू लागणारे फादर जेरोम झेवियर हे १५९५ मध्ये गोव्याहून अकबर बादशहाच्या दरबारात लाहोरला गेले. वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर ते फारसी शिकले आणि १६०२ मध्ये ‘मिरआत-उल-कुद्स’, म्हणजे ‘पावित्र्याचा आरसा’, हे ख्रिस्तचरित्र त्यांनी बादशहाला सादर केले. लेखनात लाहोरचे विद्वान अब्दुस्सत्तार यांचे साहाय्य त्यांना लाभले होते. १६१७ मध्ये फादर जेरोम गोव्यात निवर्तले. दोन वर्षांनी फादर स्टीफन्सही त्याच भूमीत विसावले. एकाने प्रभूची कथा ओवीत सांगितली, दुसऱ्याने फारसी गद्यात. पहिल्याची भाषा तर माझी स्वतःची. दुसऱ्याची भाषा कानांवरून एकदा तरी जावी, ही इच्छा मनात बरीच वर्षे रेंगाळत होती.

शिवाय तो प्रदेश आपल्याला वाटतो तितका परका नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या दिवशी यरुशलेममध्ये जमलेल्या लोकांची यादी आहे. तिच्यातील पहिली तीन नावे पार्थी, मेदी आणि एलामी अशी आहेत. हे तिन्ही लोक आजच्या इराणच्या भूमीशी जोडलेले. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने आपल्या ग्रंथात भारतातील ‘कल्लियाना’ या ठिकाणी एक बिशप असून त्यांची नेमणूक पर्शियातून होते असे नोंदवून ठेवले आहे. हे ठिकाण म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यातील कल्याण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर पोर्तुगीज गलबते दिसण्याच्या हजार वर्षे आधी या किनाऱ्यावरील श्रद्धावंतांचे मेंढपाळ फारसी मुलखातून येत होते.

पुस्तके मी आधी चाळली होती. पण प्रवासात लागते ती पुस्तकातील भाषा नव्हे. म्हणून भाच्याने माझ्या मोबाइलवर ध्वनिपाठांची एक मालिका घालून दिली. अर्ध्या तासाचा एक, असे तीस पाठ. ही पद्धत पॉल पिम्सलर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाची. १९६७ मध्ये त्यांनी स्मरणशक्तीविषयी एक लेख लिहिला आणि नवा शब्द किती वेळाने पुन्हा आठवायला लावला म्हणजे तो टिकतो, याचे वेळापत्रक त्यात मांडले. ५ सेकंदांनी एकदा, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, तासाने, पाच तासांनी, दुसऱ्या दिवशी, असे अंतर वाढत जाते. शब्द विस्मरणाच्या काठावर आला की त्याला हाक मारायची आणि मागे बोलवायचे. पाठातील आवाज प्रथम प्रश्न करतो, मग गप्प होतो. त्या शांततेत उत्तर आपण उच्चारायचे, मग योग्य उत्तर ऐकू येते. लिहायचे काही नाही, वाचायचे काही नाही.

सकाळची मिस्सा आटोपल्यावर वाडीच्या रस्त्याने मी कानांत तारा अडकवून फिरत असे आणि एकटाच पुटपुटत असे. पुटपुटणारा म्हातारा माळ म्हणत असेल अशी समजूत करून लोक आदराने बाजूला होत. त्यांची समजूत अगदीच निराधार नव्हती. रोझरीच्या प्रार्थनेत तेच शब्द पन्नास वेळा आले तरी प्रत्येक मण्याला ते नव्याने उच्चारावे लागतात. पुनरावृत्ती ही कंटाळ्याची गोष्ट नसून मुरण्याची गोष्ट आहे, हे ज्याला रोझरीने शिकवले आहे त्याला हे पाठ जड जात नाहीत.

पाठ इंग्रजी भाषकांसाठी केलेले होते. ‘मला पाणी हवे आहे’ हे मराठी मनातले वाक्य प्रथम इंग्रजीत ऐकायचे आणि मग फारसीत म्हणायचे, असा तो वळसा होता. पण लवकरच ध्यानात आले की मधला मुक्काम अनावश्यक आहे. फारसीतही क्रियापद आपल्यासारखे वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजी भाषकाला जी कसरत वाटते ती आपल्याला घरच्या अंगणासारखी असते. एक फरक मात्र सुखावणारा होता. फारसीत लिंगभेद नाही. ‘तो’ आणि ‘ती’ या दोघांनाही एकच सर्वनाम. मराठीतील तीन लिंगांनी हैराण झालेले माझे अमराठी विद्यार्थी मला त्या वेळी फार आठवले.

मराठीचा शिक्षक म्हणून मला वाटत होते की अर्धी फारसी तर आपल्याला येतेच. बाजार, दुकान, शहर, दरवाजा, हवा, गरम, ताजा, आराम, दोस्त, हजार, हप्ता, कारखाना. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दरबारी मराठीतील याच फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. तरीही शेकडो शब्द आपल्या ओसरीवर राहूनच गेले. पण पाठ सुरू झाले तेव्हा हे जुने शेजारी मला ओळखू येईनात. आजच्या इराणी उच्चारात दीर्घ ‘आ’ हा जवळजवळ ‘ऑ’ होतो. बाजार म्हणजे ‘बॉज़ॉर’, हवा म्हणजे ‘हवॉ’. डोळ्यांना ओळखीचे ते कानांना परके. त्यातून बोलीचा आणखी एक थर आहे. ‘नान’ लिहितात आणि ‘नून’ म्हणतात. घराला ‘खाने’ लिहितात आणि ‘खूने’ म्हणतात. ‘मी जातो’ याला पुस्तकात ‘मीरवम’ आणि तोंडात ‘मीरम’. ज्याने फक्त पुस्तक वाचले आहे त्याला तेहरानच्या रस्त्यावर पाव मागणेही अवघड जावे.

वसईत वाढलेल्या माणसाला हे नवीन नाही. घरी आम्ही सामवेदी बोललो, शाळेत आणि देवळात प्रमाण मराठी. दोन्ही आमच्याच, पण एकीचे व्याकरण डोळ्यांत होते आणि दुसरीचे कानांत. पुण्याहून आलेले एक विद्वान आमच्या घरच्या गप्पा ऐकून गोंधळले होते, तो प्रसंग आठवला म्हणजे फारसीचे हे दोन थर मला आपलेच वाटू लागत.

शब्दांहून अधिक काही शिकवून गेली ती त्या भाषेतील नित्याची बोलणी. वाट विचारण्याआधी ‘बेबख्शीद’ म्हणायचे. इंग्रजीतून पाठ सांगणारा त्याचा अर्थ ‘माफ करा’ असा सांगून पुढे गेला. मी मात्र तिथेच थांबलो. आपला ‘बक्षीस’ हा शब्द याच धातूचा. फारसीत ‘बख्शीदन’ म्हणजे देणे आणि ‘बख्शीदन’ म्हणजेच क्षमा करणे. एकच क्रियापद. फारसी भाषेतील प्रभूच्या प्रार्थनेत क्षमा मागताना हेच क्रियापद येते आणि रोजची भाकर मागताना ‘नान’ हाच शब्द येतो. क्षमा ही कमाई नसून देणगी आहे, हे आपण प्रवचनांतून किती वेळा ऐकले असेल. एका भाषेने ते शब्दकोशातच लिहून ठेवले आहे.

काम करीत असलेल्या कोणाहीजवळून जाताना ‘खस्ते नबॉशीद’ म्हणतात. म्हणजे ‘आपण थकू नये’. झाडूवाला, टॅक्सीवाला, बँकेतील कारकून, कोणालाही. कोणी काही दिले तर ‘दस्तेतून दर्द नकोने’, आपला हात दुखू नये. आणि दुकानदाराला पैसे देऊ लागलो तर तो म्हणतो ‘ग़ॉबेली नदॉरे’, आपल्यापुढे याची काय किंमत! हा तिथला ‘तआरोफ’. खरोखर फुकट घ्यायचे नसते. दोनतीनदा आग्रह करायचा आणि मग तो किंमत सांगतो. किंमतही नीट कान देऊन ऐकावी लागे. नोटेवर रियाल छापलेले, पण तोंडात तोमान, आणि एक तोमान म्हणजे दहा रियाल. परदेशी बँकांची कार्डे तिथे चालत नसल्यामुळे सगळा व्यवहार रोखीचा. म्हणून आकड्यांचे पाठ आम्ही उभयतांनी दोनदा घोकले होते.

त्या आकड्यांची खरी परीक्षा बाजारात झाली नाही. इस्फहानमधील दुसऱ्या रात्री पत्नीला ताप भरला. दिवसा आम्ही नक्श-ए-जहान चौकात हिंडलो होतो, तेहतीस कमानींच्या सी-ओ-से पुलावर बसलो होतो. रात्री अकराच्या सुमारास तिचे अंग निखाऱ्यासारखे तापले. बरोबर आणलेल्या गोळ्यांनी उतार पडेना. मुक्कामाच्या जागी रात्रपाळीला एक पोरसवदा मुलगा होता आणि त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मी म्हणालो, “खॉनमम मरीज़े, तब दॉरे.” माझी पत्नी आजारी आहे, तिला ताप आहे. तो मुलगा ताडकन उठला आणि ‘दॉरूखॉने, दॉरूखॉने’ म्हणत मला रस्त्यावर घेऊन गेला. मुंबईच्या माणसाला दारूखाना म्हटले की रे रोडजवळचा जुन्या जहाजांच्या भंगाराचा भाग आठवतो. मराठीत दारू म्हणजे एक तर प्यायची किंवा उडवायची. फारसीत दारू म्हणजे औषध. दिवसरात्र उघडे असलेले ते औषधाचे दुकान दोन गल्ल्या सोडून होते.

दुकानातील गृहस्थ प्रौढ होते. त्यांनी प्रश्न विचारले ते माझ्या कानांवरून वाऱ्यासारखे गेले. “कमी फॉर्सी बलदम,” मी म्हणालो, “यवॉश-तर, लोत्फन.” मला थोडीच फारसी येते, जरा सावकाश. या ‘कमी’चा अर्थ आपल्या ‘कमी’जवळचाच. ते हसले आणि प्रत्येक शब्द वेगळा करून बोलू लागले. ताप किती वेळ आहे, खोकला आहे का, दुसरे औषध कोणते चालू आहे. जे समजले त्याचे उत्तर दिले, जे समजले नाही तिथे पुन्हा विचारले. शेवटी गोळ्यांची डबी हातात ठेवून ते म्हणाले, “हर हश्त सॉअत, यक दूने.” दर आठ तासांनी एक. दूने म्हणजे दाणा. फारसीत सहाला बोलीत ‘शीश’, सातला ‘हफ्त’ आणि आठला ‘हश्त’ म्हणतात. घरी वाडीच्या रस्त्यावर हे आकडे घोकताना तो केवळ खेळ होता. त्या रात्री त्या एका अक्षराच्या फरकावर पत्नीच्या औषधाची मात्रा अवलंबून होती. पाठातल्या सवयीप्रमाणे मी सगळे वाक्य मोठ्याने परत म्हणून दाखवले. त्यांनी मान डोलावली आणि डबीवर आकडा काढला. फारसीतील सातचा आकडा वर उघडलेल्या ओंजळीसारखा असतो आणि आठचा घराच्या छपरासारखा. डबीवर छप्पर होते. कान आणि डोळे या दोघांची साक्ष जुळली.

पैसे देऊ लागलो तर अर्थातच ‘ग़ॉबेली नदॉरे’. या खेपेस मात्र चार वेळा आग्रह करावा लागला. तिसऱ्या दिवशी पत्नी हिंडूफिरू लागली, तेव्हा आम्ही दोघे त्या दुकानात केवळ ‘दस्तेतून दर्द नकोने’ म्हणण्यासाठी गेलो. त्या क्षणी ते वाक्य मला पाठातील राहिले नव्हते. ज्या हाताने औषध दिले तो हात दुखू नये, असे खरोखरच वाटत होते.

ध्वनिपाठांविषयी माझे मत त्या रात्री निश्चित झाले. आपण मानतो की परकी भाषा शिकायची ती बोलण्यासाठी. पण चार वाक्ये बोलणे सोपे असते. प्रश्न विचारता येतो. उत्तर मात्र आपल्या हाती नसते. ते दुसऱ्याच्या वेगाने, दुसऱ्याच्या स्वरात येते आणि ते घ्यायचे तर आपल्याला गप्प राहावे लागते. पाठातील ती शांतता उत्तर देण्यासाठी ठेवलेली असते असे मला वाटे. प्रवासात कळले की ती ऐकण्याची तालीम होती. संत पौलाने श्रद्धेचा उगम श्रवणात पाहिला, तो काही उगीच नाही.

इस्फहानला नवे जुल्फा नावाचे आर्मेनियन ख्रिस्ती उपनगर आहे. शाह अब्बासने सतराव्या शतकाच्या प्रारंभी आरस नदीकाठच्या जुन्या जुल्फातील आर्मेनियन लोकांना तिथे आणून वसवले. त्यांच्या वांक कॅथेड्रलला बाहेरून घुमट आहे तो जवळच्या मशिदींसारखा आणि आत भिंतीभर प्रभूच्या जीवनातील चित्रे. येथील छापखान्यात १६३८ मध्ये स्तोत्रसंहिता आर्मेनियन भाषेत छापली गेली. इराणमधील मुद्रणाचा प्रारंभ तो. रायतूरचे ख्रिस्तपुराण त्याआधी बावीस वर्षांचे. माझ्या मनात ही दोन पुस्तके शेजारी शेजारी उभी राहिली.

बाहेर बाकावर बसलेल्या एका वृद्ध आर्मेनियन गृहस्थांशी मोडकेतोडके बोलणे झाले. आपण कोणती भाषा बोलता, असे विचारताच त्यांनी बोटे मोडत सांगितले, “खूने अरमनी, कलीसॉ अरमनी, बॉज़ॉर फॉर्सी.” घरी आर्मेनियन, देवळात आर्मेनियन, बाजारात फारसी. मला त्या उत्तराने आनंद झाला. पण रात्री त्याच उत्तराने झोप उडवली. इराणच्या १९७९ च्या संविधानात ख्रिस्ती नागरिकांना मान्यता आहे. संसदेत आर्मेनियन समाजासाठी दोन आणि असिरियन व खाल्डियन समाजासाठी एक जागा राखीव आहे. ते आपापल्या भाषांत उपासना करतात. मात्र फारसी ही ज्यांची मातृभाषा आहे आणि जे मुस्लिम कुटुंबांतून ख्रिस्ताकडे आले आहेत, त्यांना ही मान्यता नाही. फारसीतून उपासना होणारी प्रार्थनामंदिरे एकेक करून बंद झाली. तेहरानमधील असे एक मोठे मंदिर २०१३ मध्ये बंद करण्यात आले. घरात जमून प्रार्थना केल्याबद्दल माणसे तुरुंगात गेली आहेत.

म्हणजे ज्या भाषेत मी पाणी मागायला, वाट विचारायला, औषधाचे तास मोजायला शिकलो, त्या भाषेत तिचीच लेकरे ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना देवळात मोकळ्या आवाजात म्हणू शकत नाहीत. चारशे वर्षांपूर्वी फादर जेरोमनी ज्या भाषेत बादशहासमोर प्रभूचे चरित्र ठेवले, तीच ही भाषा. बालपणी लॅटिन उत्तरे देणारा आणि मग एके दिवशी आपल्या आईच्या ओळखीच्या शब्दांत मिस्सा ऐकून दिपून गेलेला मी, मला त्या वंचनेचे मोल थोडेफार कळते. आज आपल्या धर्मग्रामांत मराठी मिस्सेला मुले येत नाहीत, त्यांना इंग्रजी सोयीची वाटते, अशी तक्रार ऐकू येते. तक्रारीपेक्षा मला वाटते की मुलांना एवढेच सांगावे: मातृभाषेत मोठ्याने प्रार्थना करता येणे ही गृहीत धरण्यासारखी गोष्ट नाही. ती ‘बख्शिश’ आहे.

जून २०२५ मध्ये इस्फहानवर हल्ले झाल्याच्या बातम्या दूरदर्शनवर दिसू लागल्या, तेव्हा घरात सगळे नकाशाकडे पाहत होते. पत्नी म्हणाली, “अहो, तो औषधवाला बरा असेल का हो?” तिने त्या शहराला नकाशावरून ओळखले नव्हते, एका आवाजावरून ओळखले होते. त्या संध्याकाळी रोझरीचे एक दशक आम्ही त्याच्यासाठी आणि त्या रात्रपाळीच्या मुलासाठी म्हटले. तीस पाठांनी मला फारसी आली असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या लोकांविषयी पूर्वी केवळ मते होती त्यांच्याविषयी आता काळजी आहे, आणि मतांपासून काळजीपर्यंतचा रस्ता माझ्या बाबतीत तरी कानांतून गेला.

फारसीत एक सुंदर रीत आहे. कोणी चांगल्या मेजवानीहून किंवा प्रवासाहून परतला की जो बरोबर नव्हता त्याला म्हणतो, ‘जॉ-ये शोमॉ खॉली’. आपली जागा रिकामी होती. जागा आणि खाली, दोन्ही शब्द आपल्या कानांना ओळखीचे वाटावेत असेच. प्रभूच्या मेजाभोवती अजून किती भाषांच्या जागा रिकाम्या असतील, हे तोच जाणे. आपण आपल्या जागेवर बसताना त्या रिकाम्या जागांकडे पाहावे आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, एवढे मला त्या वाक्याने शिकवले.